आप्पांची दुर्बीण आणि गावाची सुपं

आमच्या गावातल्या बायका घर उघडं टाकून शेतात जायच्या, पण सूप मात्र कुलपात ठेवायच्या. कारण नरोत्तम आप्पा. दर रविवारी सकाळी आप्पांना एक सूप लागायचं. त्याच्या मधोमध चुन्याचा ठिपका काढायचा, ते तापीच्या दरडीला टेकवायचं आणि लांबून त्याला गोळ्या घालायच्या. दुपारी त्याची चाळणी होऊन ते मालकिणीकडे परत जायचं.

आप्पा तापीकाठचे गुजर, केळी-कापसाचे बागायतदार. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची रायफल होती. तळोद्याहून बदलून गेलेल्या एका जंगलसाहेबाकडून त्यांनी तिच्यावर बसवायची दुर्बीण घेतली आणि त्या दिवसापासून त्यांना 'झिरो'ने झपाटलं. दुर्बिणीतली फुली जिथे, गोळी नेमकी तिथे, म्हणजे झिरो. पुढे भाजीत मीठ बरोबर पडलं तरी 'झिरो शे' आणि कुणाची सोयरीक फिसकटली तरी 'झिरो व्हयनं नही.'

दुर्बीण बसवणं हा सोहळाच असे. समोर ओळंबा टांगून फुली सरळ करायची, मग स्क्रू आवळायचे. वाळूच्या पिशव्यांवर रायफल निजवायची, बोल्ट काढून नळीतून ठिपका बघायचा आणि तिला हलू न देता फुली ठिपक्यावर आणायची. मग गोळी. मी बांधाआड बसून भोक कुठे पडलं ते ओरडून सांगायचो. त्याप्रमाणे आप्पा दुर्बिणीच्या घुंड्या फिरवत, पुन्हा गोळी घालत. ठिपका फुटला की मिशीला पीळ.

माझी शंका एवढीच होती, की एकदा जमलेला झिरो दर आठवड्याला बिघडतो कसा? आप्पांकडे उत्तरं तयार असत. 'बैलगाडीना धक्का लागना.' 'ऊन लागनं, लोखंड फुगनं.' एकदा तर, 'तू शिंकना म्हणीसन सरकनं.' मी तोंडावर म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. आप्पा शांतपणे म्हणाले, 'अंगण वाकडंच शे. ओळंबा लाईसन देख.'

त्या वर्षी डुकरांनी माझ्या भुईमुगात मुक्काम ठोकला. काढणी तोंडावर आलेली. वर्षाचं सगळं त्या शेंगांवर होतं. आप्पा म्हणाले, 'बिनघोर ऱ्हाय. रविवारे झिरो करेल शे.'

मंगळवारी उजाडता उजाडता डुक्कर बांधावर असं उभं राहिलं, जसं काही फोटो काढून घ्यायला आलंय. आप्पांनी नेम धरला, श्वास रोखला आणि गोळी हातभर लांब मातीत घुसली. डुक्कर निवांत निघून गेलं आणि पुढच्या दोन दिवसांत सगळं खटलं घेऊन आलं. अर्धा भुईमूग गेला.

मी तणतणत आप्पांच्या घरी गेलो. रायफल खुंटीला होती, तिच्यावर दुर्बीण नव्हती. गडी म्हणाला, आप्पा नदीवर गेलेत.

आप्पा दरडीवर बसले होते, नुसती दुर्बीण डोळ्याला लावून. नदीपलीकडे जमनाचं सासर. जमना ही त्यांची एकुलती एक लेक. तिची आई वारलेली. घरात बाई नाही म्हणून सासरचे तिला माहेरी धाडत नसत. आणि लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही रीत. जाऊन तसंच परतावं तर व्याह्यांचा अपमान. आप्पा रीत मोडणारे नव्हते.

'सोमवारे नावाडी बोलना, जमनाले ताप शे,' आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. 'तधळपाईन रोज देखी ऱ्हायनू.'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एरवी दर शनिवारी आणि आता ताप आल्यापासून रोज, लेकीला बघायला आप्पा स्क्रू सोडून दुर्बीण काढत होते. झिरो राहणार कसा?

'मंग बंदूकवरथीनच देखानं ना आप्पा,' मी चिडून म्हणालो. 'दुर्बीण उतारतस कसाले?'

आप्पांनी डोळ्यावरची दुर्बीण खाली घेतली. 'अंडेरवर बंदूक धरानी का रे भाऊ? रिकामी ऱ्हायनी तरी?'

पोटच्या पोरीवर बंदूक धरायची, ही गोष्ट माझ्या मनाला शिवलीही नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुईमुगाचं काय, पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. मी त्यांच्याजवळ मातीत बसलो.

आप्पांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. पलीकडच्या अंगणात जमना उभी होती, अंगावर घोंगडी घेऊन. हाताला काही काम नव्हतं. तोंड आमच्या काठाकडे.

'उठेल शे आप्पा,' मी म्हणालो. 'पन ती आठेच, आपला काठकडे देखी ऱ्हायनी.'

'तिन्हाकडे दुर्बीण नही शे,' आप्पा म्हणाले. 'तिले आठलं काहीच दिसत नही. तरी रोज देखस.'