हेरबाई ‘अहो’ म्हणाली!

ऐतिहासिक कादंबरी लिहायला अक्कल लागते. म्हणूनच तर मी लिहायला घेतली! प्रेम, हेरगिरी, घराण्याचं गुपित, सगळं एकाच पुस्तकात. नायिका हेर म्हणून शत्रूच्या किल्ल्यात शिरते आणि तिथल्या सरदाराच्याच प्रेमात पडते. वाचकाने पाणी मागता कामा नये!

टायपिंग मला जमत नाही. मी बोलायचो, फोन लिहायचा. दुपारी बायको ऑफिसात, बाबा वाचनालयात आणि मला लहानाचं मोठं करणारी आत्या तिच्या खोलीत झोपलेली. आत्याच्या लग्नाचा विषय घरात केव्हाच संपला होता, ती आमच्याकडेच राहायची. शेजाऱ्यांचं ड्रिल माझ्या प्रतिभेच्या मुळावर उठलेलं, म्हणून मी कानात कापूस कोंबायचो. फोन प्लायच्या भिंतीला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि सुरू!

पाचव्या प्रकरणात ते वाक्य दिसलं. ‘मागच्या जिन्याने उतरते. कोपऱ्यावर थांबा.’

हे मी बोललो नव्हतो. माझ्या किल्ल्याला मागचा जिनाच नव्हता!

तंद्रीत बोललो असेन, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी लढाईच्या ऐन मध्यात उमटलं, ‘अजून किती दिवस असं चोरून भेटायचं?’ अंगावर सर्रकन काटा आला. मग एका दुपारी मी तोंडावर हात घट्ट दाबून नुसता फोनकडे बघत बसलो. खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. पंखासुद्धा बंद. आणि पडद्यावर एकेक शब्द उमटू लागला: ‘आज तो गप्प आहे. बाहेर बसून ऐकतोय की काय, कोण जाणे.’

माझी बोबडीच वळली! नायिका जिवंत झाली होती आणि माझ्यावरच पाळत ठेवून होती!

संध्याकाळी सगळ्यांना गोळा केलं आणि फोनमधल्या भुताचं सांगितलं.

“नक्की भूतच ना?” बायकोने विचारलं. “का कोणी मैत्रीण?”

“अगं, देवाशपथ भूत!”

“मग वाच.”

मी वाचलं. “‘अहो, दादाचं माझ्यावाचून पान हलत नाही. त्याला टाकून कशी येऊ?’”

“थांब. तुझी हेरबाई सरदाराला काय म्हणते?”

“सरदार.”

“मग हे ‘अहो’ कुठून आलं? इतक्या हक्काने ‘अहो’ बायकोच म्हणते. हिचं लग्न झालंय! आणि हा दादा कोण?”

नायिकेला मी भाऊ दिलाच नव्हता. घरात बाबांना दादा म्हणणारं एकच माणूस होतं. आम्ही सगळ्यांनी हळूच तिकडे पाहिलं. आत्या घाईघाईने कपबश्या गोळा करू लागली.

प्लायच्या पलीकडे तिचीच खोली! दुपारी ती झोपत नव्हती, फोनवर बोलत होती. कापूस माझ्या कानात होता, फोनच्या नाही!

“दोन वर्षं झाली,” आत्या पुटपुटली. “रजिस्टर लग्न केलं. दादा, तुला सांगायचं धाडसच झालं नाही रे.”

बाबा चहा गार मिळाला तरी दोन दिवस अबोला धरणारे. माझ्या कादंबरीपायी आत्याला हे घर तुटणार!

“माझं पान हलत नाही, असं कोण म्हणालं?” बाबा खेकसले. “भावोजींना उद्या जेवायला बोलाव. आणि पुढच्या दाराने आण!”

आठवड्याभरात आत्या तिच्या घरी गेली. पलीकडची खोली रिकामी झाली आणि मला करमेना. मन रमवायला म्हणून लिहिलेली प्रकरणं होती तशीच प्रकाशकांना पाठवून दिली.

त्यांचा लगेच फोन आला. “बाई झकास उतरलीये हो! एकेक वाक्य काळजाला हात घालतं. फक्त मधेमधे तो एक कंटाळवाणा माणूस किल्ल्याची वर्णनं करत बसतो ना, तेवढा काढून टाका.”

तो माणूस मीच, हे त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.