दिवेकर गुरुजींची किनारपट्टी

सकाळी शाळा भरण्याआधी दिवेकर गुरुजी व्हरांड्यात येत, तर्जनी तोंडात घालून ओली करत, मावळतीकडं वाऱ्यात धरत आणि जाहीर करत, "आज होड्या बाहेर काढू नयेत."

शाळा मुळशीत. समुद्र पार घाटाखाली. रस्त्यानं जाणारा धोंडिबा बैल थांबवून गंभीरपणे विचारी, "आन् गुरुजी, नांगर काडू का?"

"नांगराचं मला विचारू नका हो!"

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. शाळेत मास्तर आम्ही दोघेच; राहायचोही शाळेमागच्या एकाच खोलीत. मी सासवडचा, गुरुजी श्रीवर्धन तालुक्यातले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या आमटीत पळी फिरवून विचारलं, "नारळ नाही?"

"नाही."

"मग ही आमटी कशावरून?"

मुळशीचा पाऊस भिंतीतून आत यायचा. गुरुजी म्हणत, "बरा आहे. पण किनारपट्टीचं तसं नाही हो!" धरणाचं एवढं मोठं पाणी, त्याकडं ते ढुंकून बघत नसत. "ना भरती, ना ओहोटी. हे पाणी नव्हे जाधव, ही घागर!"

वर्गात विषय कुठलाही निघो, गुरुजी दुपारपर्यंत खाडीच्या मुखाशी पोचलेले असत. समुद्र कधी न पाहिलेली पोरं पोफळीच्या बागांना पाणी कसं देतात ते सांगत, बोंबील कसा वाळवतात तेही सांगत.

मग एकदा दिपोटीसाहेब तपासणीला आले. एका मुलीला विचारलं, "आपल्या गावाचं उत्पन्न काय?"

"नारळ, सुपारी, सुकी मासळी आन् ममईची मनिऑर्डर!"

"आणि वाहतूक?"

"बोट, सायेब. पर पावसाळ्यात बंद असती."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर भातखाचरं होती आणि एक म्हैस. ते गुरुजींना म्हणाले, "महिन्याच्या आत या भिंतीवर मुळशीचा नकाशा दिसला पाहिजे. नाहीतर तुम्हाला माणदेशात धाडतो. तिथं विहिरीलासुद्धा पाणी नसतं."

गुरुजी हादरले. दुसऱ्या दिवसापासून छत्री घेऊन गावात हिंडू लागले. आंबेमोहर कुठं पिकतो, हिरडा कुठं गोळा करतात, कोळशाच्या भट्ट्या कुठल्या रानात, सगळं विचारून घेतलं. गेरू आणि निळीनं भिंतीवर डोंगर उभे राहिले, धरण पसरलं.

नकाशा पुरा होत आला तेव्हा धोंडिबाची आई ठमाबाई दारात येऊन उभी राहिली. "गुरुजी, ह्यात आमचं गाव कुटं हाय?"

"कुठलं?"

"धरणात गेलं त्ये."

"ते पाण्यात आहे, बाई."

"पान्यात हाय त्ये मला ठावं हाय. पर कुटं?"

गुरुजी भिंतीपासून बाजूला सरले. मग म्हणाले, "बोट ठेवा."

तिनं भिंतीवर हात फिरवत नेला आणि एका जागी थांबवला. "ही नदी व्हती. हितं वड. ह्यो आमचा उंबरा."

"दार कुठल्या तोंडाचं?"

"उगवतीच्या."

गुरुजींनी बारीक कुंचल्यानं निळ्यावर गेरूचं घर काढलं, त्याला उगवतीचं दार काढलं. ही बातमी वाडीवाडीत गेली. मग रोज शाळा सुटली की म्हातारी माणसं येत. कोणी देऊळ सांगे, कोणी खळं, कोणी आंब्याचं झाड. "आमच्याकडं फणस बी व्हता, गुरुजी!" गुरुजी फणस काढत. दिपोटीसाहेब काय म्हणतील, असं मी विचारलं तर म्हणाले, "म्हणोत की!"

शेवटल्या दिवशी ठमाबाई आपल्या घराकडं बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "तुमचं बरं हाय, गुरुजी. तुमचं गाव जाग्यावर हाय. कोन असतं तितं?"

एरवी किनारपट्टीचं नाव काढलं की सुटणारे गुरुजी कुंचला धूत राहिले.

"कोणी नाही," ते म्हणाले. "आई होती, ती गेली. भाऊ मुंबईत. घराला कुलूप. मे महिन्यात जातो, ओसरीवर बसतो. कुंपणाच्या गडग्यावरून नवे शेजारी विचारतात, कोण पाहिजे?"

मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर एका खोलीत राहिलो होतो. हे मला ठाऊक नव्हतं.

ठमाबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली. "सांजच्याला आमच्यात जेवाय चला. नाचणीची भाकर हाय." मग दारातून वळून म्हणाली, "आमच्या घरचं चालंल नव्हं?"

गुरुजींनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि तिच्या मागोमाग पायरी उतरले. वळणावरून मला ओरडून म्हणाले, "जाधव, आज माझ्या वाटचा भात शिजवू नका!"