नानांचे बाण

काळ्या दगडावर बाण काढायचा म्हणून आमच्या नानांनी एकदा चक्क बसलेल्या म्हशीवर बाण काढला. चष्मा घरी राहिला होता, आणि म्हैस आमच्या खानदेशातली, म्हणजे दगडाइतकीच निवांत. बाण पुरा करून नाना दोन पावलं मागे सरले, डोळे बारीक करून बघू लागले, तोवर तो दगड उठला, शेपटी झाडली आणि नाल्याकडे चालू लागला. मागून येणारे आमचे शेठजी बाणावर नजर ठेवून थेट नाल्यात गेले. मी हे सांगितलं की लोक म्हणतात, थापा मारता. मारतो. पण ही थाप नाही. शेठजींचं धोतर साक्षीला आहे.

नाना मोजणी खात्यातून रिटायर झालेले. पस्तीस वर्षं साखळी ओढून त्यांनी धुळ्यापासून रावेरपर्यंत एकही बांध शिल्लक ठेवला नव्हता. त्या नोकरीनं त्यांना दोन गोष्टी दिल्या: वाकडी मान आणि खुणांचं वेड. "डोयावर भरवसा ठेवू नको, भाऊ. खूण शे ना? मग झालं." हे त्यांचं पालुपद. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, भाजीत मीठ टाकलं की डब्याच्या झाकणावर कोळशानं रेघ ओढायची, असा घरचा कायदा होता. एकदा रेघ ओढायची राहिली, तर तीनदा मीठ पडलं. नानांनी ती भाजी निमूट खाल्ली. म्हणाले, "मिठाचा दोष नाही. खुणेचा शे."

घराबाहेर पडताना त्यांच्या एका हातात पिशवी, तर दुसऱ्या हातात तुपाच्या जुन्या डब्यात कालवलेला चुना. डब्यात शिंदीचा कुंचा.

आम्ही तिघं, म्हणजे नाना, किराणावाले शेठजी आणि मी, आधी जळगावात एकाच आळीत भाड्यानं राहायचो. पुढे तिघांनी पिंप्राळ्याच्या नव्या कॉलनीत घरं घेतली. घरं इतकी सारखी, की मी एकदा ऑफिसातून आलो, हातपाय धुतले, पाटावर बसलो, अर्धी पोळी खाल्ली, आणि भाजीत कांदा-लसूण नाही म्हणून ओरडलो तेव्हा कळलं की हे शेठजींचं घर आहे.

त्याच सुमाराला कॉलनीत जागोजाग चुन्याच्या बोटभर खुणा दिसू लागल्या. नळ येणार अशी हूल होतीच. बायकांनी हंडे घासून ठेवले. एक खूण माझ्या ओट्यावर होती. नळवाले माझा नवाकोरा ओटा खणणार, या भीतीनं मी ती ओल्या फडक्यानं गुपचूप पुसली, वरून गुलाबी रंग फासला आणि नळाची वाट बघत बसलो.

तर सांगत होतो टेकडीचं. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी तिन्ही घरांनी बोडक्या टेकडीवर जायचं, वर भरीत भाजायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. हा नानांचा नेम. टेकडीवर झाड नाही, पाणी नाही, देवसुद्धा नाही. नुसता काळा दगड. रस्ता चुकायचा म्हटलं तरी चुकता येणार नाही अशी ती जागा, पण नाना पायथ्यापासून माथ्यापर्यंत हातभर लांबीचे बाण काढायचे.

त्या वर्षी आभाळ भरून आलं होतं. माझी धाकटी खोकत होती, अक्कांचे गुडघे सुजले होते. आदल्या दिवशी शेठजी म्हणाले, "नाना, या वेळी रावेरला चला ना. केळीच्या बागेत बसू. टेकडीवर आहे काय? दगड! ते तर माझ्या दुकानातल्या तांदळातपण आहेत."

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत.

"आणि मधू टेकडीवर येईल, तेव्हा आपण रावेरले केळी सोलत बसू?"

मी उगाच तंबाखू मळत राहिलो.

मधू हा नाना-अक्कांचा एकुलता एक. सात वर्षांपूर्वी, ह्याच रविवारी, ह्याच टेकडीवरून उतरताना तो बाण सोडून दुसऱ्या अंगानं निघाला. वीस वर्षांचं पोरगं, गंमत म्हणून निघालं असेल. नाना सगळ्यांसमोर ओरडले, "माझी वाट पसंत नसेल तर तुझी तू शोध! परत येऊ नको!" आम्हाला वाटलं नाटक चाललंय. मी तर टाळीसुद्धा वाजवली. ती टाळी अजून माझ्या तळहातात आहे.

मधू एसटीच्या थांब्यावर आला नाही. घरी आला नाही. कधी पत्र नाही. कोणीतरी म्हणालं, धुळ्याच्या स्टँडवर दिसला, तर नाना आठ दिवस त्या स्टँडवर बसून आले. पुढे जळगावातली आमची आळीच पाडली, तिथं गिरणी झाली. पिंप्राळ्याचं घर मधूनं पाहिलेलं नाही. त्याला ठाऊक असलेली एकच जागा उरली होती, आणि एकच रविवार.

तेव्हा निघालो. वर आभाळ, खाली दगड, मध्ये आम्ही. शेठजी असे धापा टाकत होते की पलीकडच्या गावात लोकांना वाटलं असेल, गिरणी सुरू झाली. नाना पुढे, प्रत्येक जुन्या बाणावर नवा चुना चढवत. मागून अक्का प्रत्येक बाणापाशी बसत. सोबत बसायला मी थांबलो तर म्हणाल्या, "तुम्ही चला भाऊ. मी बाण पाहून येते. त्यासाठीच तर काढलेत."

माथ्यावर वारा अंग कापत होता. आम्ही वांगी भाजायला कपाशीच्या काड्या पेटवल्या, तर नानांनी निम्म्या काड्यांवर पाणी शिंपडलं.

"अहो नाना, धूर होईल!"

"धूरच पाहिजे. दुरून दिसतो."

असं भरीत मी जन्मात खाल्लं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. कोणाच्या कशानं, ते विचारायची सोय नव्हती. धुराचा केवढा आधार असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपार कलली आणि खालून एक पांढरा सदरा वर येताना दिसला. बाणामागून बाण धरत, सरळ आमच्याकडे. नाना उठले. कुंचा हातात तसाच, चुना धोतरावर ठिबकतोय. "उना," ते म्हणाले. आला. मग मोठ्यानं, "उना वं! मधू उना!" अक्कांना उठवेना. त्या बसल्या बसल्याच पदर सारखा करू लागल्या.

सदरा जवळ आला. साठीचा गुराखी होता. त्यानं धूर पाहिला, आमचे लाल डोळे पाहिले आणि टोपी काढून हळूच विचारलं, "कोन मरी गयं, भो?"

एरवी ह्या वाक्यावर मी वर्षभर लोकांना हसवलं असतं.

अक्कांनी त्याला भाकरीवर भरीत वाढलं. नाना त्याच्याजवळ बसले. "बाण पाहीसन उना का?"

"हा ना. बाण व्हतात, म्हनीसन उनू."

"म्हनजे बाण बराबर शेतस," नाना म्हणाले. तो जेवून जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसले.

मग कोणी आलं नाही. शेवटी अक्काच म्हणाल्या, "चाला आते. एसटी चुकी जाई."

कॉलनीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा संधिप्रकाश होता. शेठजी घरात गेले, माझी बायको पोरांना घेऊन आत गेली. मी चपलेतला खडा काढत मागे राहिलो. नाना रस्त्यावरच्या खांबापाशी थांबले, अक्का त्यांच्यामागे. डब्यात कुंचा खरवडला आणि नळवाल्यांच्या खुणेवरून एकदा फिरवला. मग लिंबाच्या बुंध्यावर. मग वळणावरच्या दगडावर. जवळ जाऊन पाहिलं. बोटभर रेघ, टोकाला दोन फाटे. प्रत्येकीचं टोक नानांच्या दाराकडे.

नाना माझ्या ओट्यापाशी आले. वाकले. गुलाबी रंगावरून तळहात फिरवत राहिले.

"इथली कशी गेली हो, भाऊ? इथंच तर वळायचं शे."

मी म्हणालो, "पावसानं गेली असेल, नाना."

त्यांनी डबा उपडा करून ठोकला. काही निघालं नाही. "उद्या काढू," म्हणाले, आणि अक्कांचा हात धरून घराकडे गेले. दार लागल्याचा आवाज काही आला नाही. त्यांच्या दाराला दिवेलागणीनंतरही कडी नसायची. उकडतं म्हणून, असं आम्ही समजत होतो. पौषात.

मी खिशातून तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि ओट्यावर बाण काढला. पहिला बारीक आला. दुसऱ्या बोटानं जाड केला.

बायको दारात आली. "अहो, हे काय चाललंय? दिवाळीत रंग दिलाय त्याला!"

"नळ येणार आहे," मी म्हणालो.