वारा लागलेला चुना

लटारीभाऊंच्या घरी गेलं की आधी पाणी मिळत नाही. आधी हातात पपईच्या देठाची नळी मिळते आणि पुढ्यात चुन्याच्या निवळीचा ग्लास. "फुका बाई." फुंकलं की नितळ पाणी दुधासारखं होतं. मग भाऊ आपल्याकडे असं बघतात, जणू आपण अंडं घातलं. "पायलं? तुमच्या छातीतल्या हवेचा गोटा झाला. हवेले वजन रायते!"

पोस्टमन दोनदा फुंकून गेला. आता टपाल फाटकावरूनच फेकतो. पुतणीला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी फुंकायला लावलं आणि पाणी कमी पांढरं झालं म्हणून "पोराची छाती कमजोर आहे" असं तोंडावर सांगितलं. लग्न झालं, ते मुलाच्या बापाच्या मोठेपणामुळे.

आम्ही गडचांदूरचे. इथे घरटी एक माणूस सिमेंटच्या कामावर. भाऊ तीस वर्षं भट्टीवर होते. बायको रमा आधीच गेलेली. रिटायर झाले आणि गच्चीवर लाकडी मांडणी ठोकली. तिच्यात ताटं, ताटांत विरवलेल्या चुन्याची भुकटी आणि मागे जुन्या कूलरचा पंखा. भट्टीत दगड भाजला की त्यातला वायू हवेत उडतो. तो हवेतून परत चुन्यात धरायचा, असा त्यांचा उद्योग. पंखा मात्र सोलरवर. "कोळशाची वीज लावली तं एक धरीन अन् दोन सोडीन."

रोज सकाळी ते किराणा दुकानातून आणलेल्या जुन्या तराजूवर ताटं तोलत आणि वजन वहीत लिहीत. चार तोळे वजन वाढलं की मला शेजारच्या भिंतीवरून हाक. मी चौथी शिकलेली, पण एकदा विचारलंच, "हा चुना कुठून आला? भट्टीतूनच ना? मग काय मिळवलं?"

भाऊ हसले. "बराबर बोलल्या. सांडलं तेवढंच पुसून राह्यलो. बिना भट्टीचा चुना कसा आनाचा, ते मोठ्या सर लोकाइले ठाऊक. त्याइले माही ताटं एकदा दाखवाची आहेत."

खरंच नागपूरच्या एका कॉलेजातल्या दोन सरांनी येतो म्हणून कळवलं. दिवाळीपासूनची ताटं पाहणार, पटलं तर भाऊंना आपल्या कामात घेणार. भाऊंनी शर्ट इस्त्रीला दिला. नेमकी तेव्हाच सिरोंच्याची बहीण आजारी पडली. दोन दिवसांसाठी निघताना म्हणाले, "बाई, ताटाइकडे लक्ष ठेवजा."

माझ्या मोतीबिंदूच्या वेळी या माणसाने महिनाभर घड्याळ लावून माझ्या डोळ्यात औषध टाकलं होतं. एकदाही चुकला नाही. काही परत करायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. ती आली, म्हणून मी गच्चीवर गेले.

बघते तर चुना पार वाया गेलेला. वर कडक पापडी, खाली खडे. माझ्या आईच्या घरी चुना कायम पाण्याखाली असे. वारा लागला की तो पानाला चालत नाही, भिंतीला धरत नाही. एवढा भट्टीवरचा माणूस, आणि चुना उघडा ठेवतो! मी सगळा उलथण्याने खरवडला, मागच्या नालीत टाकला, ताटं राखेने घासली. ताजा चुना भरला, वर पाणी ओतलं आणि वारा लागू नये म्हणून प्रत्येकावर झाकण ठेवलं.

भाऊ आले, गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत. मी चहा घेऊन गेले तेव्हा मला कळलं. वायू धरला की चुना असाच कडक होतो; वारा लागलेला चुना हीच त्यांची सगळी कमाई होती.

दुसऱ्या दिवशी सर आले. भाऊ म्हणाले, "माह्या हातून झालं सर. घान दिसली, धुऊन टाकली."

"खोटं बोलतात," मी भिंतीपलीकडून ओरडले. "मी फेकला!"

सर भले होते. वही पाहिली, चहा घेतला. पण नुसत्या आकड्यांवर पुढे जाता येत नाही म्हणाले. चुना पुन्हा तयार झाला की कळवा, म्हणून निघून गेले.

मी तरातरा भाऊंकडे गेले. "काऊन खोटं बोलले? चार शिव्या द्या मले, मोकळे व्हा."

भाऊ मांडणीजवळ उभे होते. एक ताट काढून त्याची कड बोटाने पुसत होते.

"रमा गेल्यावर या घरातलं भांडं दुसऱ्या कोनी घासलंच नोव्हतं," ते म्हणाले. "काल वर आलो तं सारी ताटं चमकून राह्यली होती. राग आनाचा म्हनलं, पन येतच नोव्हता."

मी त्यांच्या हातातलं ताट घेऊन मांडणीत ठेवलं. "चुना आना," म्हटलं. "तराजू मी धरते."