महाराज दुभाजकावर खोळंबले, त्याची हकीकत

श्रीवाटजाई प्रसन्न. जाणत्यांनी सांगितले ते ऐकिले, डोळां देखिले ते लिहिले, पदरचे मीठ बेताचेच घातले. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, एके मुलखी महाराज सुखरूप राज्य करीत असता बांधकामाचे कारभारी राघोपंत यांचे चित्ती आले की राजधानीतून थोर रस्ता काढावा, आणि हुजुरांची मर्जी प्रसन्न जाहली, आणि आठ मोटारी शेजारी शेजारी धावतील ऐसा रस्ता सिद्ध जाहला, मध्ये कमरेइतका दुभाजक घातला, त्यावर कण्हेर लाविली. कडेस वीतभर मुरूम उरला, तो गटाराने खाल्ला. राघोपंतांनी मोटारीत बसोन रस्ता पाहिला आणि कोठे उणे नाही ऐसे बोलिले.

रस्त्याचे अलीकडे राजवाडा आणि मुलींची शाळा, पलीकडे वाटजाईचे देऊळ आणि गोरगरिबांच्या वाड्या. शाळेच्या मुख्याध्यापिका मैनाबाई दळवी, पोक्त बाई, जिभेने तिखट, जातीने सायकलीवर फिरत. वाड्यांवरील पोरी पूर्वी सायकली दामटीत शाळेस येत. रस्ता जाहला आणि एकेक गळू लागली. कोकऱ्यांची चंद्रभागा आठवीत पहिली आली होती, तिचेही नाव काढावयास बाप आला आणि म्हणाला, "बाई, पोर शिकून मोठी व्हावी हे खरं, पण त्यासाठी आधी ती जगली पाहिजे." मग बाईंनी दरबारी अर्ज केला की पायी चालणारांस व सायकलींस कडेने निराळी वाट द्यावी आणि रस्ता ओलांडावयास जागा द्यावी. तेव्हां राघोपंतांनी चौकशीस माणूस धाडिला, तो मोटारीतून गेला, मोटारीतून आला, आणि पायी चालणारा कोणी दिसत नाही, सबब वाटेचे प्रयोजन नाही, ऐसे त्याने कळविले. बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघराला कुलूप घालायचं आणि घरात कोणी जेवत नाही म्हणायचं, ही रीत चांगली आहे." पुनः अर्ज केला. मग दरबाराने उदार होऊन दोन हात वाट दिली, आणि त्या वाटेत विजेचे खांब रोविले, आणि उरल्या जागी मधोमध पाटी लाविली की ही वाट पादचाऱ्यांची आहे. पाटी वाचावयास खाली रस्त्यावर उतरावे लागे.

ऐसे असता माघी पौर्णिमेस वाटजाईची जत्रा आली. त्या मुलखाची चाल ऐसी की जत्रेचे दिवशी राजा राजा नव्हे, रयतेतला एक; त्याने घोंगडी पांघरोन, अनवाणी, डोईवर पाण्याचा कलश घेऊन एकट्याने देवीस जावे, चोपदार नाही, शिपाई नाही, कोणी ओळख दाखवू नये, आणि एकदा निघाल्यावर माघारी फिरू नये. राघोपंतांनी रस्ता आखिला तेव्हां दरबारात ही चाल सर्वांस ठाऊक होती आणि कोणाच्याही ध्यानी आली नाही. महाराज निघाले, चार मोटारींची धाव चुकवीत कसेबसे दुभाजकावर चढिले, आणि कण्हेरीत खोळंबले. पुढे जाववेना, मागे फिरवेना. तेथे मैनाबाई आधीच उभ्या होत्या; कोकऱ्यांची समजूत घालावयास निघाल्या होत्या. बाईंनी महाराजांस ओळखिले, परंतु चालीस जागोन बोलिल्या, "बाबा, दमानं घ्या. इथे घाई करणारा देवळात नाही, थेट देवाघरी पोचतो."

महाराज म्हणाले, "ओलांडायची जागा कुठे आहे?"

"नाही."

"मग अर्ज करावा."

"केला. चालणारं कोणी दिसत नाही म्हणाले."

इतक्यात एक मोटार अंगावरून जाता जाता काच खाली जाहली आणि आतून शब्द आला, "मरायचंय का रे म्हाताऱ्या?" आत राघोपंत; जत्रेस वेळेवर पोचावे म्हणोन देवळाकडे निघाले होते. महाराजांनी मोटार ओळखिली; मोटारीने महाराजांस ओळखिले नाही. कलशातील पाणी हिंदकळोन मानेवरून ओघळले. मुहूर्त टळला, ऊन कलले, तेव्हां कोठे फट मिळाली आणि बाईंनी महाराजांचे मनगट धरोन पलीकडे नेले.

मग काय विचारता. पावसाळ्यापूर्वी खांब हालले, रुंद फरसबंद वाट जाहली, दुभाजक फोडोन, दिवे लावून ओलांडावयाची जागा जाहली, आणि दोन्ही तोंडांस साखळी घालोन कुलूप लाविले. वाट खाशांची, जत्रेचे दिवशी उघडेल, ऐसे फर्मान राघोपंतांनी लाविले. मैनाबाई दरबारात उभ्या राहिल्या आणि पुसत्या जाहल्या, "पंत, ही वाट कोणाची?"

"महाराजांची."

"जत्रेच्या दिवशी महाराज असतात का?"

राघोपंतांनी छताकडे पाहिले. चाल मोडिता येईना. "नसतात," म्हणाले.

"मग चालतं कोण?"

"रयतेतला एक," ऐसे पंत हळूच बोलिले. तेव्हां महाराज म्हणाले, "मग ज्याची वाट त्याला द्या. आणि पंत, किल्ली घेऊन तुम्ही पायी जा."

सोमवारी चंद्रभागा सायकल घेऊन आली. बाप मागे धावत होता. ओलांडावयाचे जागी दिवा लागला, आठही मोटारी थांबल्या, पोर मधोमध पोचली, आणि बापाचे पाय रस्त्यावर न उतरताच थबकले. तो पलीकडे गेलाच नाही, कडेस उभा राहोन डोळे पुसू लागला. शाळेच्या दारात मैनाबाई उभ्या होत्या, त्यांनीही पदर डोळ्यांस लाविला आणि उशीर जाहला म्हणोन पोरीस रागे भरल्या.

येणेप्रमाणे हकीकत. तात्पर्य इतुकेच की राजा एक दिवस पायी चालिला, म्हणोन एक पोर नववीत बसली. बाकीच्या मुलखांतील राजे मोटारीतूनच जत्रेस जातात, ऐसे ऐकितो.