रंगनाथकाकांची पडायची विद्या

आमचे शेजारी रंगनाथकाका फटफटीवरून फार सुंदर पडत. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. कुणाचा गळा गोड असतो, कुणाच्या हाताला चव असते, तसं काकांना पडणं साधलं होतं. आधी हँडल जरासं डगमगायचं. मग "आई गंऽऽ" अशी लांबलचक हाक यायची. मग फटफटी एका अंगाला अलगद निजायची आणि काका दुसऱ्या अंगाला. टोपी मात्र डोक्यावरच. टोपी पडली तर ते पडणं कच्चं, असं त्यांचं मत होतं.

तुळजापुरात आम्ही नवीन होतो. हैदराबादचं राज्य मोडलं, बाबांची नोकरी इकडं आली आणि आमचं बिऱ्हाड काकांच्या शेजारी लागलं. मी तिकडं नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी घरात बोलत असू तेवढीच. बाहेर कुणी काही विचारलं, तर मी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे. त्यामुळं मी बोलण्यापेक्षा खिडकीत बसून माणसं बघत असे. खिडकीसमोरच काकांचं अंगण होतं.

काका सरकारी देवी-डॉक्टर होते. म्हणजे खरे डॉक्टर नव्हते. गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायची, हे त्यांचं काम. खाली काटे असलेली एक फिरकी असे. ती दंडावर टेकवायची आणि फिरवायची. दुखायचं, पिकायचं, ताप यायचा आणि जन्माचा वण राहायचा. त्यातून देवी म्हणजे आई. ती घरात आली तर हात जोडायचे. तिच्या वाटेत फिरकी घेऊन उभा राहणारा हा कोण? म्हणून काका दिसले की बाया दारं लावत आणि पोरं ज्वारीत घुसत.

"बेटा, गावात वाघ आला तर लोक बघायला तरी येतात," काका म्हणत. "म्या आलो की पळतात."

हे सांगून ते मोठ्यानं हसत. मी बघत असे. हसून झाल्यावर ते आणखी कुणी ऐकायला आहे का ते बघत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात बोलायला एक चंद्री नावाची घोडी, तीही म्हातारी.

आधी ते या चंद्रीवरूनच गावं फिरत. ती बिचारी आवाज न करता चालायची. लोकांना सुगावा लागेपर्यंत काका वेशीच्या आत. पण तिच्यानं चालवेना, तेव्हा काकांनी सोलापुरात लष्कराच्या लिलावातून फटफटी आणली. घोडीला विश्रांती म्हणून, असं ते सांगत. रोज संध्याकाळी घोडीसमोर उभे राहून "आज कुठं कुठं गेलतो" याचा हिशेब द्यायला मात्र चुकत नसत.

फटफटीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. काकांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूत. एक दिवस ते पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"बेटा, हे वाच जरा. अलिफ-बे म्हणून हिला किक मारली, हलतच न्हाय."

मी घाबरत घाबरत वाचू लागले. इंग्रजी मोठ्यानं वाचायचं आणि मराठीत सांगायचं. वाक्यं दुसऱ्याची असल्यामुळं मला ते जमत होतं. तुळजापुरात मी एवढं बोलले ते पहिल्यांदाच. उजवी मूठ आपल्याकडं फिरवली की वेग वाढतो, हेही मी सांगितलं. काकांनी मान डोलावली. "समजलं. पुढं."

काकांच्या डोक्याला ते समजलं होतं, पण हातांना नाही. त्यांचे हात तीस वर्षं लगाम धरत आले होते. पहिल्याच फेरीत एका गावाच्या वेशीवर म्हैस आडवी आली. काकांनी "होऽ होऽ" करून दोन्ही मुठी छातीकडं ओढल्या, घोडी थांबवायला ओढतात तशा. घोडी असती तर थांबली असती. फटफटी डरकाळी फोडून पुढं सुटली. म्हैस बाजूला झाली, काका उकिरड्यावर गेले.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले, तेव्हा कपाळाला हळद थापलेली, कोपर फडक्यानं बांधलेलं आणि चेहरा लग्नाहून आल्यासारखा.

बाबा म्हणाले, "अहो, हाड मोडलं असतं म्हणजे?"

"ते सोडा हो साहेब! अख्खं गाव आलं! बाया आल्या, म्हातारी माणसं आली. पोरं तर एवढी! कुणी पाणी देतंय, कुणी हळद. एका आजीनं कोपरावर फुंकर घातली. मला म्हणती, लई लागलं का रं लेकरा? मला! लेकरा!"

"मग?" आईनं आतून विचारलं.

"मग काय, वहिनी. हिकमत! पाणी प्यालो, बसलो. पोरांची नावं विचारली. मग म्हणलं, आता आलाच हायसा, तर पेटी उघडतो. कुणी न्हाय म्हणंना. आत्ता ज्या माणसाला हातानं उचलला, त्याला हाकलणार कसं?"

माझ्याकडं वळून ते म्हणाले, "बेटा, तुझ्या पुस्तकात चालवायचं लिहिलंय, थांबवायचं लिहिलंय. पडायचं कुठंच न्हाय लिहिलेलं. अर्धवट हाय पुस्तक."

पहिल्या अपघातातून माणसं काहीतरी शिकतात. बहुतेक लोक पडू नये हे शिकतात. काका पडावं हे शिकले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सराव सुरू झाला. अंगणात कडबा पसरून ते उभ्या फटफटीवरून पडत. चंद्री मान वर करून बघे आणि पुन्हा कडब्यात तोंड घाली. महिन्याभरात त्यांचा हात, म्हणजे अंग, इतकं बसलं की त्यांना तालुक्यातल्या मातीचीही पारख आली. "काळ्या रानात पडावं. गादी हाय गादी. नळदुर्गाकडं नको, मुरूम गुडघं सोलतो. बदलीवर ईट गावाला हुतो तवा फटफटी पाहिजे हुती. काय माती हाय तिकडं!" शेतकरीसुद्धा जमिनीकडं इतक्या प्रेमानं बघत नसेल.

आई म्हणायची, "या माणसाला कुणीतरी सांगा हो." पण सांगणार काय? त्यांची टोचणी कधी नव्हे ती भराभर पुरी होत होती.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. मंगळवारच्या बाजारात गावोगावची माणसं भेटतात. एका गावाला वाटायचं डॉक्टर आपल्याकडंच पडले. बाजारात कळलं की ते सगळीकडंच पडतात. मग पोरं 'पडका डॉक्टर' नावाचा खेळ खेळू लागली. एका पाटलांनी तर वेशीत गवताची पेंढी टाकून ठेवली आणि निरोप धाडला, डॉक्टर, जागा तयार हाय. काका रागावले नाहीत. मुद्दाम त्या पेंढीवर जाऊन पडले. लोक हसायला जमले, त्यातही दहा-पाच पोरं टोचून झाली.

राहिलं होतं ते एकच घर. बोरीच्या वाडीत धोंडाबाई नावाची आराधीण राहायची. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, घरात देवीआईचा जागता दिवा. लेक बाळंतपणात गेलेली. तिची मुलगी, कमळी, हिच्याजवळ. काका वाडीत पहिल्यांदा पडले तेव्हा सगळी वाडी धावली. धोंडाबाई कमळीला पदराआड धरून दारातच उभी.

"पडू द्या. उठंल," एवढंच म्हणाली.

दुसऱ्यांदा पडले तेव्हा म्हणाली, "मागल्या बारीला डाव्या अंगावर पडलं हुतं, आज उजव्या. बरं हाय. बैल बी आलटून पालटूनच जुपावा."

तिसऱ्यांदा काका न पडता सरळ तिच्या दारात गेले आणि हात जोडले. ती म्हणाली, "डाक्टर, आईला यायचं आसंल तर ती ईल. तुमी कोण दार लावणारं?" काका पेटी न उघडताच फिरले. आमच्या ओट्यावर येऊन त्यांनी पेटी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझं टोचणं ऱ्हाऊ द्या. पण त्या बाईचं त्या पोरीबिगर कोन हाय?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाडीच्या शेजारच्या गावात देवी निघाल्याची बातमी आली. काका जेवण टाकून उठले. खिडकीतून मी बघितलं, त्यांनी घोडीला काही सांगितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी त्यांना पडायचं नव्हतं. घाईत होते. वाडीचा उतार खडकाळ आहे. पुढचं चाक धोंड्यावर चढलं आणि फटफटी काकांच्या पायावर आली. टोपी गेली, पेटी गेली. काका खरोखरच ओरडले.

वाडीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आज लई झ्याक पडलं!" कुणीतरी दारातून म्हणालं. "आवाज बी बेस काढला."

"अरं, पाय मोडला रं माझा!" काका ओरडले.

"मागल्या बारीला कंबर मोडली हुती," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. पोरं पुन्हा खेळायला ज्वारीकडं पळाली. बाया आत गेल्या. काका फटफटीखाली तसेच पडून राहिले. नंतर हे सगळं त्यांनी आम्हाला नकला करून सांगितलं, पण इथवर आले की ते दर वेळी घाई करत.

मग उतारावरून एकटी धोंडाबाई आली. तिनं फटफटी हलवून बघितली, हलली नाही. मग तिनं वाडीकडं तोंड करून अशा काही शिव्या दिल्या, की सगळे पुरुष धावत आले. गाडी जुंपली. वाडीपासून तुळजापूरपर्यंत काकांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. गाडी गल्लीत शिरली, तेव्हा मी खिडकीतून बघितलं, ती पदरानं त्यांच्या तोंडावर वारा घालत होती आणि मधूनमधून गाडीवानाला "हळू रं मुडद्या" म्हणत होती.

सोलापूरहून काका प्लास्टर घालून परत आले. आमच्याकडून डबा जायचा, तो नेण्याचं काम माझ्याकडं. मी डबा ठेवी, ते बोलत, मी ऐके. टोचायला जाता येत नाही, याचंच त्यांना दुःख. "एक घर ऱ्हायलं, बेटा. तेच ऱ्हायला नको हुतं."

मंगळवारी मी चहा घेऊन गेले, तर दारात धोंडाबाई. दर्शन घेऊन आली होती, कपाळावर ताजं कुंकू. बोट धरून कमळी. बाबाही तिथंच बसले होते. त्यांनी आपलं कचेरीतल्यासारखं विचारलं, "काय हो बाई, सगळ्यांना वाटलं हे सोंग आहे. हे खरं पडलेत, हे तुम्हालाच कसं कळलं?"

"मला कुठं कळलं?" ती खाली बसत म्हणाली. "मला बी खोटंच वाटलं."

"मग गेलात कशाला?"

तिनं बाबांकडं असं बघितलं, की हा शिकलेला माणूस असं काय विचारतो.

"खोटं पडलं आसंल तरी कुनीतरी यावं म्हनूनच पडलं आसंल की. दर बारीला कुनी ना कुनी जात हुतं. त्या दिशी कुनीच जाईना."

काका छताकडं बघत होते. बाबांनी चहाचा कप हातात घेतला आणि तो धोंडाबाईपुढं ठेवला.

धोंडाबाईनं कमळीला पुढं केलं आणि तिची बाही वर सारली. "घ्या. काय फिरवायचं ते फिरवा. चिंतामणीला इचारून आले."

मंदिरात चिंतामणी म्हणून एक गोल धोंडा आहे. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. तो उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार.

काकांचे डोळे चमकले. कितीतरी दिवसांनी. "मावशी, खरं सांगा. फिरला का फिरवला?"

"तुमी पडता का पाडून घेता?" धोंडाबाई म्हणाली. "तसंच ते."

काका प्लास्टरसकट हसले. मग त्यांनी मला पाणी तापवायला लावलं, हात धुतले, आधी देवीच्या दिशेनं हात जोडले आणि पेटी उघडली. कमळीला मांडीवर मी घेतलं होतं. मला मराठीत काय बोलावं सुचेना, म्हणून मी तिच्या कानात शाळेतलं एक इंग्रजी गाणं म्हटलं. ती इतकी चकित झाली, की फिरकी फिरून गेल्यावरच रडायला लागली. काकांनी तिच्या दंडावर फुंकर घातली. बराच वेळ घालत होते.

निघताना धोंडाबाई दारात थांबली. कवड्यांची माळ सारखी केली.

"आता समद्या वाडीचं झालं, डाक्टर. तुमचं काम संपलं आमच्याकडलं."

"व्हय," काका म्हणाले. आवाज लहान होता.

"मग आता येत जावा," ती म्हणाली. "न पडता."

बाबा उठून बाहेर गेले. मी कपबश्या उचलल्या, मोरीत नेल्या आणि धुतलेल्याच पुन्हा धुतल्या. आजी आणि नात गल्लीच्या वळणाशी पोचल्या असतील, तेव्हा मागून काकांची हाक आली. फटफटीवरून पडताना ते देत त्यापेक्षा मोठी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"मावशी! कवा येऊ?"