काचेवरची पिवळी रेघ

"माणसानं लावलेलं सेटिंग माणसानं हलवल्याशिवाय हलत नाही!" अण्णासाहेबांनी दापोडीतल्या आपल्या घरात, चहाच्या कपासमोर जाहीर केलं. चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीनची सेटिंग लावलेला माणूस तो. ऐकून घेणं भाग होतं.

भानगड अशी, की जुना सहकारी नागसेन रिटायर होत होता आणि त्याचं मानपत्र अण्णासाहेब सुनेच्या लॅपटॉपवर टाईप करत होते. रोज अक्षरं वाढवून एकशे साठ टक्क्यांवर न्यायची आणि दुसऱ्या दिवशी फाईल उघडावी तर पुन्हा शंभर! पानभर नुसती मोहरी सांडलेली. लॅपटॉप श्रद्धाच्या कंपनीचा. तिला नवी नोकरी लागली होती. सोमवारी तो धडधाकट परत केल्याशिवाय जुनी कंपनी तिला सोडल्याचं पत्र देणार नव्हती.

"सेकंड शिफ्टला कुणीतरी हात लावतंय," अण्णासाहेब म्हणाले.

"सेकंड शिफ्टला मी भाकरी थापते," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. "पिठाचे ठसे दिसतात का बघा!"

कारखान्यात नट कसला की त्यावर पेंटची रेघ मारतात. नट हलला की रेघ तुटते, लगेच कळतं. शनिवारी अण्णासाहेबांनी अक्षरं एकशे साठवर नेली. स्क्रीनच्या तळाशी ती लहानमोठी करायची खुंटी जिथं थांबली, बरोब्बर तिथं पिवळ्या पेंट मार्करनं रेघ ओढली. पट्टी लावून!

रविवारी खुंटी एकीकडे, रेघ दुसरीकडे.

"सापडली चोरी! या सगळे!"

श्रद्धा टूथब्रश तोंडात धरूनच आली आणि तशीच उभी राहिली.

"अण्णा, काचेवर?"

"पुसू नकोस, पुरावा आहे."

"अहो, कुणीच हलवलं नाही! फाईल उघडली की ते आपोआप शंभरावर येतं. आणि लॅपटॉप उद्या द्यायचाय. निघेल ना हे?"

"हॅ! तेलानं निघत नाही, उकळत्या पाण्यानं निघत नाही. म्हणून तर मी हाच वापरतो," अण्णासाहेब अभिमानानं म्हणाले. मग त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला आणि ते कापूस शोधायला उठले.

संध्याकाळपर्यंत मानपत्र पुरं झालं. रेघही होती तशीच होती, फक्त भोवतालची काच धुरकट झाली होती.

सोमवारी लॅपटॉप न्यायला कंपनीचा रविराज आला. त्यानं स्क्रीन उजेडात धरली, तिरकी केली, नखानं खरवडली.

"चालू होतो ना? मग झालं. ट्रेनिंगच्या बॅचला जाईल. पत्र मेलवर येईल, मॅडम."

तो जिना उतरू लागला तसे अण्णासाहेब चपला न घालताच मागे धावले.

"साहेब, एक विनंती होती."

"बोला काका."

"ज्याला द्याल त्याला सांगा, रेघ एकशे साठची आहे. रोज सकाळी तेवढी खुंटी नेऊन लावायची."